शरदाच्या नोंदी : अगस्ती, पाणी आणि आपटा

2 ऑक्टोबर 2024, बुधवार (सर्वपित्री अमावास्या)

उद्या घट बसतील, म्हणून प्रकल्पाची मांडणी आजच लिहून ठेवते. आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. या दोन महिन्यांत आपल्याकडे जितक्या गोष्टी सांगितल्या जातात तितक्या बहुधा दुसऱ्या कोणत्याही ऋतूत सांगितल्या जात नाहीत. त्या मला लहानपणापासून पाठ आहेत. पण त्या गोष्टींत जे तारे, जी झाडे आणि जे पाणी येते, ते मी स्वतः निरखून कधी पाहिले, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. दसऱ्याला आपट्याच्या पानाचे चित्र फोनवर येते, मी ते पुढे पाठवते, आणि सण झाला असे समजते. ही सवय मोडायची आहे. म्हणून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे पाच वाजता गच्चीवर जाऊन दक्षिणेचे आकाश पाहायचे, आठवड्यातून एकदा कृष्णेच्या घाटावरून बरणीभर पाणी आणायचे आणि त्या त्या दिवसाची गोष्ट त्या त्या वस्तूशी ताडून पाहायची, असे ठरवले आहे. वहीत चार रकाने आखले : आकाश, पाणी, झाड, सवय. गोष्टीसाठी वेगळा रकाना ठेवला नाही. ती या चारांपैकी कुठे बसते हे पाहायचे आहे.

दक्षिण दिशा नेमकी कळावी म्हणून दुपारी गच्चीत काठी उभी करून तिची सावली दर पाच मिनिटांनी खडूने खुणावली. आमच्या वाईत ती बारा वाजून चोवीस मिनिटांच्या सुमारास सर्वांत आखूड झाली. त्या सावलीच्या रेघेवर, गच्चीच्या दक्षिण कठड्याला लोखंडी नळीचा एक खांब बांधून घेतला.

फोन रात्री माजघरातल्या कपाटावर ठेवायचा आणि गजराचे जुने घड्याळ उशाशी घ्यायचे, हेही आजपासून.

3 ऑक्टोबर, गुरुवार (घटस्थापना)

ढग. काही दिसले नाही. आईने शेतातली काळी माती परडीत पसरून सात धान्ये पेरली.

6 ऑक्टोबर, रविवार

अगस्ती दिसला. तीन पहाटा ढगांत गेल्यावर आज पाऊणेपाचपासूनच आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि अमावास्या नुकतीच सरल्यामुळे चंद्राचा उजेड नव्हता. मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर आले होते. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली डावीकडे वाढवली की व्याध सापडतो, हे शाळेत शिकले होते. व्याधाच्या बरेच खाली, किंचित उजवीकडे, डोंगराच्या काळ्या कडेच्या वर एक एकटाच ठळक तारा होता. हात पूर्ण लांब करून क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी मोजल्या. तारा दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेपाशी आला. खांबापासून तो साधारण एक मूठ डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे होता. रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असणारा हा तारा आपल्यापासून सुमारे 310 प्रकाशवर्षे दूर आहे. आमच्या अक्षांशावर तो कितीही वर चढला तरी त्याची उंची एकोणीस अंशांच्या आसपासच राहते.

या एका आकड्याने मला विंध्याची गोष्ट नव्याने कळली. वाढत वाढत सूर्याची वाट अडवणाऱ्या विंध्याला अगस्तींनी सांगितले, मी दक्षिणेहून परत येईपर्यंत असाच वाकून राहा. आणि ते परत आलेच नाहीत. दिल्लीहून पाहिले तर हा तारा क्षितिजाच्या वर नऊ अंशांपेक्षाही कमीच चढतो, आणि आणखी उत्तरेला, सदतीस अक्षांशापलीकडे, तो मुळी उगवतच नाही. उत्तरेकडून विंध्य ओलांडून खाली येणाऱ्या माणसाला हा तारा मुक्कामागणिक थोडा थोडा वर आलेला दिसला असणार. डोंगर वाकला म्हणून ऋषी दिसू लागले की ऋषींसाठी डोंगर वाकला, हे गोष्ट सांगणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवावे; पण ही गोष्ट कोणीतरी चालता चालता, दक्षिणेकडे तोंड करून रचली असावी, असे मला आज पहिल्यांदा वाटले. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे, म्हणून वहीत ते पेन्सिलीने लिहिले आहे.

अगस्तींचे महाराष्ट्रातले स्थान अकोल्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी आहे. तिथे मी दोनदा गेले आहे आणि दोन्ही वेळा दुपारी गेले आहे. तिथल्या आकाशात तारा पाहावा हे तेव्हा सुचलेच नाही.

पाणी : गणपती घाटावरून पहिली बरणी आणली. बरणीच्या मागे वर्तमानपत्र धरले. मथळ्याच्या जागी फक्त काळसर पट्टा दिसतो, अक्षर लागत नाही.

9 ऑक्टोबर, बुधवार

मुलीच्या शाळेत आज हादगा होता. पुण्याकडे भोंडला म्हणतात, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. आमच्या सातारा भागात हादगा हाच शब्द. पाटावर रांगोळीने हत्ती काढून मुली त्याभोवती फेर धरत होत्या. हत्ती का, तर सूर्य हस्त नक्षत्रात आहे म्हणून. आणि 'हस्तिन्' म्हणजे हात असलेला, सोंड हाच ज्याचा हात तो, अशी शब्दाची फोड मी मुलीला सांगितली तेव्हा तिने लगेच विचारले, "मग आज रात्री हस्त नक्षत्र दाखव ना, आई." ते दाखवता येत नाही. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र सूर्याबरोबरच उगवते आणि मावळते, त्यामुळे ज्या दिवसांना आपण हस्ताचे दिवस म्हणतो त्याच दिवसांत हस्ताचे पाच तारे उजेडात लपलेले असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला रात्री दाखवीन, असे कबूल केले आणि पुढच्या वर्षाच्या दिनदर्शिकेसाठी टाचण करून ठेवले.

झाडाच्या रकान्यात आज मोठी भर पडली. शाळेच्या कुंपणाशी हादग्याचे झाड आहे. त्याला काही ठिकाणी हेटा म्हणतात, आणि संस्कृतात त्याचे नाव अगस्त्य किंवा अगस्ति असेच आहे. तारा दिसू लागतो त्या सुमारास फुलते म्हणून हे नाव, अशी परंपरा आहे. झाडाखाली पडलेले एक फूल उचलून घरी आणले. पांढरे, तळहाताएवढे लांब, चंद्रकोरीसारखे वळलेले. पाकळ्या जाड आणि हाताला मेणासारख्या लागतात, आणि आतला पुंकेसराचा झुबका वाकलेल्या सुईसारखा बाहेर डोकावतो. आईने ते फूल हातात घेतले, अंगठ्याच्या नखाने देठाकडून दाबून तो झुबका एका झटक्यात ओढून काढला आणि म्हणाली, "हे ठेवलंस तर भाजी कडू होते. आमच्या घरी हे काम मुलींचंच." तारा, झाड आणि मुलींचा खेळ यांच्यामधून एकच नाव जात असल्याचे मला चार दिवसांपूर्वी माहीत नव्हते, पण भाजी कडू होऊ नये म्हणून काय करायचे हे आईच्या बोटांना सत्तर वर्षे माहीत होते.

12 ऑक्टोबर, शनिवार (दसरा)

आजची नोंद लांबणार आहे, कारण आज मला मनापासून वाईट वाटले.

सकाळी बाजारात 'सोन्या'च्या जुड्या घेऊन बसलेल्या सात-आठ जणांकडची पाने मी हातात घेऊन पाहिली. बहुतेक जुड्या आपट्याच्या नव्हत्याच. त्या कांचनाच्या होत्या. दोन्ही झाडे एकाच कुळातली आणि दोहोंचे पान जोडल्यासारखे दुभंगलेले, त्यामुळे गोंधळ होतो हे खरे, पण जवळून पाहिले तर फरक सरळ आहे. आपट्याचे पान लहान असते, लांबीपेक्षा रुंदीला जास्त भरते, जाड आणि खरखरीत लागते, आणि उलटे केले की मागची बाजू राखाडी, बारीक लव असलेली दिसते. कांचनाचे पान मोठे, पातळ आणि मऊ. आपट्याचे पान दुमडले की मधल्या शिरेवर बरोबर जुळून बसते आणि दाबून धरल्यावर तसेच राहते. याच पानांच्या विड्या वळतात, त्यासाठी हा चिवटपणाच उपयोगी पडत असावा. दुपारपर्यंत या जुड्या रस्त्यावर पडतात. त्यासाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडलेल्या असतात, झाड आपट्याचे असो की कांचनाचे.

कौत्साची गोष्ट प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. वरतंतूंकडे चौदा विद्या शिकलेल्या कौत्साला गुरुदक्षिणा म्हणून चौदा कोटी सुवर्णमुद्रा द्यायच्या होत्या. तो रघुराजाकडे आला तेव्हा रघूने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केले होते. मग रघूने कुबेरावर, काही ठिकाणी सांगतात तसे इंद्रावर, चाल करायचे ठरवले आणि सोन्याचा पाऊस पडला. हा पाऊस आपट्याच्या झाडांवर पडला असे आपण सांगतो. कालिदासाच्या रघुवंशात, पाचव्या सर्गात, ही कथा आहे. पण तिथे झाड नाही, सोने राजाच्या कोशगृहात पडते. आपटा लोकांनी गोष्टीत आणला, आणि मला ही भर फार मोलाची वाटते, कारण तिने राजवाड्याच्या कुलूपबंद खोलीतले सोने गावाच्या वेशीवर आणून टाकले.

पण रघुवंशात जे खास आहे ते आपल्या सांगण्यातून गळत चालले आहे. राजा म्हणतो, सगळे घेऊन जा. कौत्स म्हणतो, गुरूंना द्यायचे आहे त्याहून एक मुद्राही अधिक नको. घेणारा जास्त घ्यायला तयार नाही आणि देणारा कमी द्यायला तयार नाही, म्हणून साकेतातल्या लोकांनी दोघांचीही वाखाणणी केली, असे कवी सांगतो. आपल्या लोककथेत उरलेले सोने लोकांनी लुटले, आणि आपण 'सोने लुटणे' हाच शब्द धरून बसलो. कौत्साने नको म्हटलेले सोने आपण झाडाच्या अंगावरून ओढून घेतो, ही गोष्ट मला आज रस्त्यात तुडवलेल्या पानांकडे पाहताना टोचत राहिली.

घरी एक निर्णय घेतला. शेजारच्या काकूंच्या परसात खरा आपटा आहे. त्यांना विचारून माणशी एक, अशी सहाच पाने तोडली. नात्यातल्या वडीलधाऱ्यांकडे गेले तेव्हा तेच एक पान हातात ठेवून नमस्कार केला. आत्याबाई म्हणाल्या, "एकच?" मी कौत्साचे सांगितले. त्यांनी ते पान देव्हाऱ्यात ठेवले आणि दुसरे मागितले नाही.

14 ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी गडगडाटासह पाऊस. घाटावर गेले नाही.

17 ऑक्टोबर, गुरुवार (कालच्या कोजागरीची नोंद)

काल रात्री बारापर्यंत जागलो. लक्ष्मी मध्यरात्री 'को जागर्ति?', कोण जागे आहे, असे विचारत फिरते, ही कथा. जुन्या विधीत या रात्री नारळाचे पाणी पिऊन, पोहे खाऊन, फासे खेळत जागायला सांगितले आहे; केशर-वेलदोड्याचे आटीव दूध हे आता आपल्याकडचे मुख्य रूप. आईने थोरली नात म्हणून मुलीला ओवाळले. ज्येष्ठ अपत्याची ही 'अश्विनी' आमच्याकडे चुकत नाही.

दूध गच्चीवर नेऊन पातेल्यात चंद्र दिसेपर्यंत थांबायचे असते. एरवी आम्ही ते पटकन उरकतो. काल दुधावर साय धरेपर्यंत थांबलो, म्हणून प्रतिबिंब आधी थरथरते आणि मग सायीखाली विझल्यासारखे पुसट होते, हे पाहायला मिळाले. मुलगी म्हणाली की चंद्र दुधात बुडाला. मग तिने चमच्याने साय बाजूला केली आणि तो परत आला.

जागरण करूनही आज पहाटे पाचला उठले. ही सवय आता अंगवळणी पडत आहे. पंधरा दिवसांत गजराच्या आधी जाग येण्याची ही चौथी वेळ. चंद्र पश्चिमेला ढळलेला, सगळे आकाश उजळलेले, लहान तारे पुसून गेलेले. पण अगस्ती ठळक होता आणि जवळजवळ खांबाच्या टोकावर आला होता. तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो, म्हणून त्याच वेळी पाहिले तर तो रोज थोडा पश्चिमेकडे सरकलेला दिसतो. पुस्तकातले हे वाक्य आता माझ्या गच्चीवरच्या खांबावर मोजता येते.

20 ऑक्टोबर, रविवार

तिसरी बरणी. वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला, खालचा मजकूर अजून नाही.

पाण्याची ही नोंद ज्या श्लोकासाठी सुरू केली तो अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या ऋतुचर्येत, म्हणजे ऋतूनुसार कसे वागावे या भागात, आहे. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले पाणी म्हणजे हंसोदक, ते या ऋतूत अमृतासारखे, असे वाग्भट सांगतात. पावसाळ्याचा गाळ तळाशी बसतो, ऊन कडक होते, पाणी निवळते आणि त्याच दिवसांत पहाटे दक्षिणेला हा तारा दिसतो. तेव्हा ताऱ्याने पाणी शुद्ध केले असे म्हणणे म्हणजे दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवण्याची रीत होती, असे मला वाटते. समुद्रात लपलेल्या कालेय असुरांना उघडे पाडण्यासाठी अगस्तींनी समुद्र प्यायला ही महाभारतातली कथाही पाणी आटण्याच्या याच काळाजवळ उभी आहे.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट लिहून ठेवायला हव्यात. एक, वाईच्या वर धोम धरण आहे, त्यामुळे घाटावरचे पाणी केव्हा गढूळ आणि केव्हा नितळ, हे केवळ ऋतूवर ठरत नाही. सोडलेल्या पाण्यावरही ठरते. दुसरी, नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. वस्तीचे सांडपाणी मिसळणाऱ्या नदीचे पाणी तारा पाहून कोणी पिऊ नये. आमच्या घरी ते उकळूनच पितात आणि ही बरणी फक्त पाहण्यासाठी आहे.

'उदय' या शब्दावरही विचार केला. गणित मांडले तर आमच्या अक्षांशावर अगस्ती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच पहाटेच्या क्षितिजावर यायला हवा. म्हणजे तो दोन महिने तिथेच होता, आणि मधे श्रावण-भाद्रपदाचे ढग होते. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत अगस्त्यचार नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ते सांगतात की अगस्तीचे दर्शन प्रत्येक देशासाठी गणित करून वेगळे सांगावे, आणि उज्जयिनीला ते सूर्य कन्या राशीत जाण्याच्या सात अंश आधी होते. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथकार 'आमच्याकडे असे, तुमचे तुम्ही मोजा' असे म्हणतो, हे वाचून मला खांब बांधल्याचे समाधान वाटले. त्या अध्यायाच्या आधीचा अध्याय केतुचार, म्हणजे धूमकेतूंचा. आणि याच आठवड्यात संध्याकाळी पश्चिमेला त्सुचिनशान-अ‍ॅटलस हा धूमकेतू आला आहे. दुर्बिणीतून धुरकट पिंजलेल्या कापसासारखा दिसला.

26 ऑक्टोबर, शनिवार

दुपारी उकाडा असह्य. वैद्य लोक शरदाला आपली आई म्हणतात, कारण पित्ताचे रोगी याच दिवसांत वाढतात. तसा संस्कृत श्लोकच आहे. ऋतुचर्येत या काळी दही, तेल, ऊन आणि दिवसाची झोप वर्ज्य सांगितली आहे, आणि साळीचा भात, मूग, आवळा, कडू भाज्या हे पथ्य. मी दुपारची झोप सोडली आहे आणि रात्रीचे दही बंद केले आहे. सकाळची जळजळ निम्म्याने कमी झाली. तेलाचे जमणार नाही, कारण परवापासून घरात चकलीची कढई चढेल. ऋतुचर्या तेल टाळायला सांगते आणि सण तळणीचा सांगतो, याचा मेळ मला अजून लागलेला नाही.

सूर्य स्वातीत गेला. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' ही म्हण आई दरवर्षी या दिवसांत म्हणते. शिंपल्यातल्या मोत्याची कथा तिला ठाऊक आहेच, पण तिचे मोती म्हणजे ज्वारीच्या कणसातले टपोरे दाणे.

31 ऑक्टोबर, गुरुवार (नरक चतुर्दशी)

पहाटे पाचला गच्ची, मग अभ्यंग. अगस्ती खांबाच्या उजवीकडे अर्ध्या मुठीहून जास्त सरकला आहे. तेल लावून उटणे चोळून झाल्यावर तुळशीपाशी डाव्या पायाच्या टाचेखाली कारीट चिरडले. कारीट म्हणजे लिंबाहून लहान, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे फळ. फुटताना 'फट्' असा आवाज होतो आणि पिवळसर बिया फरशीवर पसरतात. नरकासुर म्हणून ते फोडायचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा. मुलीने तोंड वाकडे केले पण रस चाटला. कडू चव पित्तावर सांगितली आहे, हे मी तिला सांगितले नाही. ती नरकासुरातच रमली होती.

पाणी : बरणीमागचा बारीक मजकूर वाचता आला. पाचव्या ओळीपर्यंत मुलीने मोठ्याने वाचला.

2 नोव्हेंबर, शनिवार (बलिप्रतिपदा)

आईने ओवाळताना नेहमीप्रमाणे "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हटले. तीन पावलांत सारे गमावलेला राजा लोकांनी टाकून दिला नाही, दरवर्षी त्याला परत बोलावतात. यावर अधिक लिहायचे आहे, पण ते या प्रकल्पात बसत नाही.

16 नोव्हेंबर, शनिवार

काल त्रिपुरी पौर्णिमा. घाटावर पणत्या लागल्या होत्या आणि नितळ पाण्यात खालच्या बुडालेल्या पायऱ्यासुद्धा त्या उजेडात मोजता आल्या. मी चार मोजल्या. बरणीतले शेवटचे पाणी तुळशीला घातले. अगस्ती आता रात्री अकराच्या सुमारास उगवतो आणि डोंगर ओलांडून मध्यरात्रीपर्यंत वर येतो, त्यामुळे यापुढे त्याला पाहायला पहाटेचीच वेळ हवी असे नाही.

तरीही आज पाच वाजता जाग आली, आणि गच्चीवर गेले तर मुलगी आधीच शाल गुंडाळून कठड्यापाशी उभी होती, एक डोळा मिटून, हात लांब करून. वहीतला आजचा रकाना तिनेच भरला : "खांबाच्या उजवीकडे दीड मूठ. वर दीड मूठ. माझी मूठ लहान आहे, म्हणून आईची धरली."